खोली क्रमांक चौदाची किल्ली

उनाइसी,
किल्ली फिरवण्याआधी दार जरा वर उचल.
कॉलेजच्या कुठल्याच प्रशिक्षणात हे सांगत नाहीत.

प्रोजेक्टरचा रिमोट खणात आहे,
त्याचे सेल माझ्या चहाच्या डब्यात.
पिवळी वायर लावू नकोस,
ती फक्त चालल्यासारखी दिसते.
सोमवारी वीस मिनिटं आधी ये.
उठल्या उठल्या कुणी बोललेलं
यंत्रांनाही आवडत नाही.

पडद्यावर पंधरा चौकोन असतील, बहुतेक काळे.
कॅमेरा लावा, म्हणू नकोस.
पहिल्या वर्षी मी म्हणायचे, हट्टाने.
मग एकदा विलिमाइनाने लावला:
मागे दोरीवर गणवेश, चटईवर झोपलेली तीन मुलं,
आणि ती, श्वाससुद्धा हळू घेत.
त्या दिवशी प्रमाण विचलन कुणाच्याच डोक्यात शिरलं नाही,
माझ्याही.

आकृत्या जाड काळ्या पेनाने काढ.
त्यांचा फळा तळहाताएवढा, वर तडा गेलेला.
नोट्स आदल्या रात्री पाठव, दोनच पानं.
डेटाचे पैसे त्या घरांत
मिठाच्या आणि रॉकेलच्या पैशांशेजारी ठेवलेले असतात.
चित्र जड, आवाज हलका.
लाइन रडायला लागली की स्वतःचा चेहरा आधी बंद कर.
तुझ्या चेहऱ्यावाचून नर्स होता येतं.

प्रश्न विचारलास की थांब. मनात दहा मोज.
तिसऱ्या आकड्याला वाटेल, संपर्क तुटला.
सहाव्याला वाटेल, आपल्याला शिकवताच येत नाही.
आठव्याला कुणीतरी माइक सुरू करतं.
आधी कोंबडा ऐकू येतो,
मग उत्तर.

‘मंगळवारपर्यंत पाठवा’ असं लिहू नकोस.
कुणाचा मंगळवार?
इथे सुव्हात तो उजाडतो तेव्हा
रारोटोंगात सोमवार नुकताच न्याहारीला बसलेला असतो,
आणि तारावातली रात्रपाळी
कुठल्याच वारात मोडत नाही.

नावं घरी मोठ्याने म्हणून बघ.
आठ आठवडे मी ‘तेरेतिया’ पुकारत होते,
आठ आठवडे एक काळा चौकोन ‘हो मॅडम’ म्हणत होता.
नवव्या आठवड्यात तिचा निरोप आला.
शेवटी, सहीच्या खाली, बारीक अक्षरात:
आमच्याकडे त लिहितात तिथे कधी कधी स म्हणतात.
मी तेरेसिया.

पण निरोप त्यासाठी नव्हता.
त्याच्या आदल्या तासाला
रेकॉर्डिंग बंद करायला मी विसरले होते.
धडा संपल्यावरची अकरा मिनिटं तशीच गेली,
बेटाबेटांवर.
पंखा. खुर्च्या सरकवल्याचा आवाज.
इलियासेरी फळा पुसतोय, बेसूर गुणगुणत.
मी स्वतःशीच पुटपुटतेय: चष्मा कुठे ठेवला बाई.
मला इतकी लाज वाटली
की फाइल काढूनच टाकणार होते.

तिने लिहिलं होतं:
पाळीवरून आले की मी तेवढाच तुकडा लावते.
तास सुटल्यावर वर्गात
थोडं मागे रेंगाळल्यासारखं वाटतं.
मी कधी वर्गात बसलेली नाही, मॅडम.
चष्मा सापडला का?

पुढच्या सोमवारी, सरासरीच्या आधी, मी सांगून टाकलं:
हजेरीपटाखाली होता.
पंधरा काळ्या चौकोनांपैकी एकातून
कुणीतरी खुदकन हसलं.
कुणाचा माइक होता, बघायचं राहिलं.

तेव्हा, उनाइसी,
नियम असा आहे की तास संपताच रेकॉर्डिंग थांबवावं,
अनावश्यक भाग कापावा,
आठ मिनिटांचे तुकडे करावेत.
नियम चांगला आहे. मीही तो पाळते.
फक्त लाल बटणाकडे जाताना
जरा हळू चाल.
वाटेत एखादी खुर्ची नीट लाव.

आणि पंख्याच्या आवाजाची तक्रार करू नकोस,
ते येऊन दुरुस्त करतील.